पैलवानी पोटऱ्या

माझा मुलगा संग्राम चालायला उशिरा लागला. दीड वर्षाचा झाला तरी भिंत धरूनच उभा. पण एकदाचा चालायला लागला, तेव्हा त्याच्या पोटऱ्या बघून आमच्या आबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. एवढ्याशा पोराच्या त्या गोल, टणक, भरलेल्या पोटऱ्या. तालमीत जो येईल त्याच्यापुढे आबा नातवाला पाठमोरा उभा करायचे आणि म्हणायचे, "बगा! आईच्या पोटातनंच मेहनत करून आल्यागत. ह्यात जावईबापूंच्याकडचं काय न्हाई बरं का. हे आमच्या घरातनं आलंय."

माझा नवरा सुहास बँकेत आहे. त्याच्या पोटऱ्या शेवग्याच्या शेंगेसारख्या, त्यामुळे यावर त्याला बोलायला जागाच नव्हती. तो हसायचा आणि चहा प्यायचा.

आबा म्हणजे ज्ञानदेव चौगले, माझे वडील आणि आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. कोल्हापूरच्या बाजूला वस्ताद म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्यांना मुलगा नाही, आम्ही दोघी मुलीच. त्याचं रडगाणं न गाता त्यांनी आम्हालाच मातीत उतरवलं. मी, शिवांजली, राज्य पातळीपर्यंत खेळले; मग गुडघा गेला आणि आता तालमीत मुलींना शिकवते. धाकटी केतकी माझ्याहून कितीतरी सरस. यंदा राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड चाचणीत ती बाजी मारणार, अशी सगळ्या तालुक्याला खात्री होती. आणि केतकीनंतर संग्राम, हे आबांनी त्याच्या बारशालाच जाहीर करून टाकलं होतं.

संग्रामची आणखी एक गंमत होती. जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर ठेवायचा, मग मांड्यांवर, आणि असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहायचा. उभा राहिला की मांडीवर थाप पडायचीच.

"आरं तिच्या! उठतानाबी शड्डू ठोकतंय पोरगं!" आबा ओरडायचे.

मग अख्खी तालीम टाळ्या वाजवायची. त्या टाळ्यांची त्याला अशी चटक लागली, की त्या मिळाल्या नाहीत तर तो परत खाली बसायचा आणि परत उठून दाखवायचा. मिळाल्या, तरी थांबल्या की पुन्हा तेच. आबांनी त्यातूनच त्याला बैठकांची सवय लावली. रोज सकाळी मोठ्या पैलवानांच्या रांगेत शेवटी हा तीन वर्षांचा पठ्ठ्या. दमला की आबा त्याला मांडीवर घेऊन तेलानं पोटऱ्या चोळत बसायचे. मीही टाळ्या वाजवत होते. कुस्तीच्या घरात वाढलेल्या माणसाला यात दुसरं काही दिसतच नाही.

त्या वर्षी तालमीत पंच आला. पंच म्हणजे माणूस नव्हे, साबणाच्या वडीएवढं यंत्र. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. पण कुणी खेळायचं आणि कुणी नाही हे तेच ठरवायचं, म्हणून पोरांनी त्याचं नाव पंच पाडलं. आधीच्या काही वर्षांत अतिमेहनतीनं तरुण पैलवानांची मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या बातम्या येत होत्या. तेव्हा कुस्ती संघटनेनं नियमच केला, की पंचाचा हिरवा दिवा लागल्याशिवाय कुणी मातीत उतरायचं नाही. लाल लागला तर घरी जाऊन झोपायचं.

आबांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मला मात्र त्याचं नवल वाटे. शिकवायचं म्हणून मी त्याची सगळी माहिती वाचून काढली होती.

आपल्या स्नायूंच्या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं. पुस्तकी मराठीत त्याला विकर म्हणतात. याचं नाव क्रिएटिन कायनेज. स्नायूला झटक्यात लागणारी ताकद तयार ठेवणं हे त्याचं काम. ते पेशीच्या आत असतं तोवर सगळं ठीक. मेहनतीनं स्नायूचे तंतू फाटले, की ते बाहेर गळतं आणि रक्तात येतं. जितकी फाटाफूट जास्त, तितकं ते रक्तात जास्त. पूर्वी ते मोजायला नळीभर रक्त प्रयोगशाळेत पाठवावं लागे. पंचाला बोटातला एक थेंब पुरतो.

पंचाच्या पोटात क्वार्ट्झच्या स्फटिकाची एक पातळ चकती असते. विजेच्या जोरावर ती एका सेकंदात लाखो वेळा थरथरते. तिच्या अंगातून एक ध्वनिलहर सतत धावत असते, आपल्या कानाला कधीच ऐकू न येणारी. चकतीवर अशा रेणूंचा थर दिलेला असतो, की जे रक्तातलं बाकी सगळं सोडून फक्त हेच विकर पकडून ठेवतात. विकर चिकटलं की चकती जड होते आणि जड झाली की तिचा सूर उतरतो. भजनातला पखवाजवाला एका तोंडाला ओली कणीक थापून आवाज खाली आणतो, तसंच. फक्त इथली कणीक ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढी. सूर किती उतरला त्यावरून पडद्यावर आकडा येतो. चारचौघांचा आकडा शे-दीडशे असतो. कसून मेहनत केलेल्या पैलवानाचा हजाराच्या वर जातो आणि थोडे दिवस विश्रांती मिळाली की मुकाट्यानं खाली येतो.

केतकीचा खाली येईना. पंचानं तिला लाल दिवा दाखवला, आम्ही तिला घरी बसवलं. आठवड्यानं परत लाल. आकडा थोडा उतरलेला, पण मर्यादेच्या वरच.

"चोरून मेहनत करती ही," आबा म्हणाले.

"आबा, आईच्यान सांगते, मी खाटंवरनं हाललेली न्हाई. झोपून झोपून पाठ दुखाय लागली माजी."

"मग हे डबडं बिघडलंय."

कंपनीनं दुसरं यंत्र पाठवलं. तेही लालच. निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि केतकी अंगणात नुसती येरझाऱ्या घालत होती. आबांचं डोकं फिरलं. त्यांनी संघटनेच्या निरीक्षकाला बोलावणं धाडलं आणि एका रविवारी सकाळी सगळ्या तालमीसमोर यंत्राचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं.

निरीक्षक बिचारा पाप्याचं पितर होता. तो खुर्चीच्या टोकावर बसला. आबांनी पहिल्यांदा स्वतःचं बोट पुढे केलं. आकडा नव्वद. मग सुहास, त्याचा एकशे दहा. मग दोघातिघा पोरांचे, जसे यायला हवेत तसे आले. आबा जरा खट्टू झाले. मग त्यांनी मला पुढे ढकललं.

माझा आकडा सहाशे आला.

"बगा साहेब, बगा!" आबांना जोर चढला. "ही माजी थोरली. गुडगा गेल्यापास्नं मातीत उतरलेली न्हाई. तोंडानं शिकवती नुसती. तोंडानं शिकवून स्नायू फाटत्यात व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. आई उंबऱ्यात उभी होती, तिला आबांनी हाक मारली. ती म्हणाली, "मला नगो," आणि आत निघून गेली. तेव्हा मला ते काहीच वाटलं नाही. सुईला घाबरली असेल, इतकंच मनात आलं.

आबांनी मग संग्रामला उचलून मांडीवर घेतलं. "आता ह्याचं बगू. शेवटची कुस्ती."

संग्राम रडला नाही. आजोबांच्या मांडीवर तो कधीच रडत नसे. यंत्रानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग पडद्यावर आकडा आलाच नाही, तीन आडव्या रेघा आल्या. निरीक्षकानं चष्मा सारखा केला. तीन रेघा म्हणजे यंत्राला मोजता येतं त्याच्याही पलीकडचा आकडा, असं त्यानं चाचरत सांगितलं. परत करून बघितलं. परत तीन रेघा.

आबा हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "म्हंजे साहेब, तुमचं यंत्र सांगतंय, की माज्या तीन वर्साच्या नातवानं मैदान मारून आलेल्या पैलवानापरास जादा मेहनत केलीया! आता बोला!" आणि पोराला डोक्यावर उचलून म्हणाले, "न्हाई, पर वळीकलं मातुर बरोबर बगा. पैलवानच हाय!"

टाळ्या, शिट्ट्या. निरीक्षकानं यंत्र सदोष असल्याचं कबूल केलं आणि तिसरं पाठवतो म्हणाला. आबांनी त्याला खुराकातलं दूध पाजून वाटेला लावलं.

जेवताना मात्र माझं चित्त त्या आकड्यांतच होतं. पंच बिघडला होता, तर तो सुहासच्या वेळी का बिघडला नाही? पोरांच्या वेळी का नाही? केतकी, मी आणि संग्राम, नेमकी आमच्याच घरातली तिघं त्यानं का निवडावीत? यंत्र असं माणसं बघून बिघडत नाही. मी सुहासला एवढंच म्हणाले, "उद्या रजा टाक. ह्याला कोल्हापूरला दाखवून आणू."

डॉक्टर बेनाडीकरबाईंनी संग्रामला हात लावायच्या आधी त्याच्याकडे एक खेळण्यातली मोटार सोडली. तो सतरंजीवर बसून खेळला. मग त्यांनी मोटार टेबलावर ठेवली आणि त्याला बोलावलं. तो उठला, त्याच्या पद्धतीनं. गुडघ्यांवर हात, मांड्यांवर हात, आणि शेवटी थाप. मग टाळ्यांसाठी बाईंकडे बघत राहिला. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो खाली बसायला लागला, तेव्हा त्यांनी पटकन त्याला उचलून मोटार हातात दिली.

"तुमच्या घरात कुणी कुस्ती खेळतं का?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हणाले.

"तरीच. म्हणून लक्षात आलं नाही तुमच्या."

मग त्यांनी सांगितलं. स्नायूच्या पेशीच्या आवरणाला आतून आधार देणारं एक प्रथिन असतं, ते याच्या शरीरात तयारच होत नाही. त्यामुळे आपण नुसतं चालावं, तेवढ्यानंही याचे स्नायू फाटतात. ज्या पोटऱ्यांवर आम्ही पेढे वाटले, त्या स्नायूंच्या नव्हत्याच. स्नायू मरत होता आणि त्या जागी चरबी भरत होती. मांड्यांवर हात टेकून उठणं, कारण कंबरेत आणि मांड्यांत उठण्याइतकी ताकद नाही. पुढे कधीतरी चालणं थांबेल. त्यापुढचं त्यांनी सांगितलं, पण मी ऐकलं नाही, सुहासनं ऐकलं.

हा दोष आईकडून येतो. बाईला असतो आणि बाईला फारसं काही होत नाही. रक्तातलं विकर थोडं चढं राहतं, एवढंच. तिच्या मुलाला मात्र तो जाण्याची शक्यता निम्मी. मुलीला गेला, तर ती पुढे घेऊन जाते.

"पूर्वी अशी मुलं पाच-सहा वर्षांची झाली, सारखी पडायला लागली, की माझ्याकडे यायची," बाई म्हणाल्या. "आता ही यंत्रं सगळीकडे झालीत ना, त्यामुळे इतकी लहान येतात."

"मग आम्ही लवकर आलो, त्याचा काहीतरी फायदा होईल ना?"

"औषधानं वेग कमी करता येतो. थांबवता येत नाही. जनुकांवरचे नवे उपचार आहेत, ते याला चालतील का ते तपासणीनंतर सांगते. तोवर बैठका पूर्ण बंद. उड्या नको, जिने नको. खाली बसून उठण्यात याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं."

तपासणीचं उत्तर पुढे आलं. त्याच्या जनुकात दोष ज्या जागी आहे, त्या जागेवर अजून कुणाचा उपचार नाही. माझ्यातही तोच दोष, त्याच जागी.

त्या पहिल्या दिवशी परतताना सुहास गाडी चालवत होता. मला वाटत होतं, यानं म्हणावं की हे तुमच्या घरातनं आलंय. आबा पहिल्यापासून हेच तर सांगत होते. म्हणाला असता तर मला निदान भांडता आलं असतं. त्यानं वाटेत गाडी थांबवली, संग्रामच्या बुटाचा सुटलेला बंद बांधला आणि परत गाडी सुरू केली.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "बैठकांनी जादा झालं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण आबांना खोटं लगेच कळतं. "थोडं झालं असेल," मी म्हणाले.

ते आपल्या हातांकडे बघत बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "आमचा बापू असाच उठायचा."

बापू म्हणजे माझा मामा. तो मी कधी बघितला नाही. चिंचेवरून पडला, पाय गेले आणि पुढे वारला, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"चिंचंवरनं पडला ते मागनं. आदीपासनंच तसा उठायचा. मग बसला तो उठलाच न्हाई. मिसरूड फुटायच्या आत गेला."

"आई!" माझा आवाज चढला. "तुला दिसत होतं? इतके दिवस?"

"दिसत हुतं. पर मनात म्हनायची, ह्याच्या पोटऱ्या केवड्या हायत, तसलं काय नसंल. बापूच्या पोटऱ्या बगायला आमच्यात कोण पैलवान हुतं? तुमी सगळी टाळ्या वाजवत हुता, शिवा. त्यात मी काय बोलू?"

आबांनी मान वर केली. "म्हंजे हे तुज्या घरातनं..." एवढं बोलून ते थांबले. टोपी उचलली आणि तालमीकडे निघून गेले. मला आईचा इतका राग आला होता, की तिच्या तोंडाकडे बघवेना. आणि तरी संध्याकाळी मी तिच्याच कुशीत तोंड घालून रडले. दुसरं कुठे जाणार होते?

केतकीचं सगळ्यात विचित्र झालं. तिसरं यंत्र आलं, त्यातही तिला लालच लागला. डॉक्टरांचा दाखला दिला, तर तिचा आकडा मेहनतीचा नाही हे संघटना मान्य करणार होती. पण सूट कुणाला आणि कशासाठी दिली, हे संघटनेच्या ॲपवर सगळ्यांना दिसतं. एकदा तिथं नाव लागलं की अख्ख्या पंचक्रोशीला कळणार, हिच्या पोटी काय येऊ शकतं.

"लोकांना घाबरू नकोस," मी तिला म्हणाले. बोलायला माझं काय जात होतं?

"लोकांचं न्हाई गं ताई," ती म्हणाली. "तो दाखला आणायचा म्हंजे आदी मलाच कळणार. मला लाल दिवा का लागतोय ते म्हाईतच नको हुतं. मी नुसती दमलीया असंच राहू दे की."

तिनं तपासणी केली नाही. निवड चाचणी तिच्याशिवाय पार पडली. ती खाटेवर बसून फोनवर बघत होती आणि तिनं ज्या मुलीला दोनदा चितपट केलं होतं, ती तिथं जिंकत होती.

परवा अंगणवाडीच्या ताई आल्या. जूनपासून पंच अंगणवाड्यांतही येणार आहेत, प्रत्येक मुलाच्या बोटाचा एक थेंब. आयांना समजावून सांगायला त्यांना कुणीतरी हवं होतं. "तुमच्याइतकं ह्यातलं कुणाला कळतंय?" त्या म्हणाल्या. खरं आहे. चकती कशी थरथरते, सूर कसा उतरतो, हे मी कुणालाही सांगेन. पण पडद्यावर तीन रेघा आल्या, तर आईनं त्या घरी नेऊन त्यांचं काय करायचं? मी त्यांना विचार करून सांगते म्हणाले.

संग्रामला आम्ही तालमीत नेणं बंद केलं होतं. पण काल तो हट्टालाच पेटला. आबा, आबा करून त्यानं घर डोक्यावर घेतलं. शेवटी मी त्याला कडेवर घेऊन गेले. आबा कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसले होते. पोरांची मेहनत संपत आली होती. आम्हाला बघून सगळे बैठका मारायचे थांबले. तालमीत आता सगळ्यांना माहीत आहे.

संग्राम माझ्या कडेवरून घसरला आणि तांबड्या मातीत जाऊन बसला. मूठभर माती त्यानं आपल्या पोटऱ्यांना चोळली, आबा चोळायचे तशी. मग ओणवा झाला. गुडघ्यांवर हात, मांड्यांवर हात, हळूहळू वर. उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि आबांकडे बघून हसला.

कुणी टाळी वाजवली नाही. कशी वाजवणार? पोरं खाली माना घालून उभी होती.

त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तो परत बसला. या वेळी उठायला जास्त वेळ लागला, मध्येच एक हात मांडीवरून घसरला, पण उठला. थाप मारली. परत आबांकडे बघितलं, आता जरा कावराबावरा होऊन. आणि तिसऱ्यांदा बसायला त्यानं गुडघे वाकवले.

बेनाडीकरबाईंचे शब्द माझ्या कानात होते. त्याला उचलायला मी पुढे झाले, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी आबांनी दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली.

"शाब्बास रं माज्या वाघा!" ते वाजवत राहिले. मग पोरांनी वाजवल्या. मग मी. संग्रामचा चेहरा उजळला. छाती पुढे काढून तो मातीत ताठ उभा राहिला.

टाळ्या थांबल्या की तो परत खाली बसेल, म्हणून आम्ही वाजवतच राहिलो.